विद्येचा वसा

श्रावणातल्या कहाण्या आपण सर्वांनी लहानपणी ऐकल्या आहेत. नदीकाठी काही बायका पूजा करीत असतात. एक गांजलेली सून तिथे येते आणि विचारते, बायांनो, हा वसा कसला? त्या तिला दिवस, विधी, साहित्य, सारे नीट समजावून सांगतात. दक्षिणा मागत नाहीत की तुझे शिक्षण किती म्हणून पुसत नाहीत. परिचारिकांच्या विद्येचा इतिहास चाळताना मला या कहाण्यांची वारंवार आठवण होते. कारण ती विद्या जिथे अशी हातोहात गेली तिथे माणसे वाचली, आणि जिथे अडली तिथे दगावली.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा क्रिमियाच्या युद्धातला दिवा शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. पण त्यांचे पुढचे काम त्या दिव्याच्या झगमगाटात थोडे झाकून गेले. १८६० साली त्यांचे शुश्रूषेवरील पुस्तक गाजले. लगेच १८६१ साली बाईंनी कष्टकरी कुटुंबांसाठी त्याची स्वस्त आवृत्ती काढली, आणि तान्ही मुले सांभाळणाऱ्या लहान मुलींसाठी तीत एक नवे प्रकरण घातले. पुढे १८७२ ते १९०० या काळात लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळातल्या आपल्या विद्यार्थिनींना त्या वेळोवेळी पत्रे लिहीत राहिल्या. परीक्षा झाली म्हणजे शिकणे संपले असे नव्हे, हाच त्या पत्रांचा गाभा.

आपल्याकडे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. रमाबाई रानडे यांच्या पाठबळाने तिथल्या मुली, आणि त्यांत विधवाही, ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात घरंदाज मुलीने परक्याच्या खाटेपाशी उभे राहायचे, हे धाडसच होते. त्याच सुमारास, १९१० साली, 'नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया' हे परिचारिकांचे नियतकालिक निघाले. नव्या ज्ञानाची ती मोठी सोय होती. मात्र ते ज्ञान इंग्रजीच्या कुलपात होते.

आमचा परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादेत १९१७ साली भाषांतराचे खाते निघाले, आणि उस्मानिया विद्यापीठात डॉक्टरीसुद्धा उर्दूतून शिकवली गेली. देशी भाषेत वैद्यक शिकवता येते, हे त्या प्रयत्नाने सिद्ध केले. त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण गंगाखेडच्या किंवा पाथरीच्या बाळंतिणीच्या खोलीत बोलणे चाले ते मराठीत. पुस्तक इंग्रजी, दरबार उर्दू आणि वेदना मराठी, असा तो तिढा होता. १९४८ साली मराठवाडा मुक्त झाला. भाषेची ती दरी मात्र एका दिवसात बुजण्यासारखी नव्हती.

शिवाय, विद्या शिळीही होते. बाळ जन्मले की लगेच त्याला न्हाऊ घालण्याची रीत आपल्याकडे घरोघर होती. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिली अंघोळ निदान चोवीस तास लांबवावी, कारण त्या कोवळ्या जिवाचे अंग चटकन गार पडते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या परिचारिकेला हे कोणी कळवलेच नाही, तर तिच्या प्रामाणिक हातूनच बाळाला अपाय व्हायचा. यात दोष तिचा नव्हे. निरोप न पोचवणाऱ्याचा.

निरोप कसा पोचवावा, हे गडचिरोलीने दाखवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने निरक्षर सुइणींच्या हाती श्वास मोजायचे एक साधन दिले: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटात साठावर गेले की न्यूमोनियाची शंका घ्यायची. दहापर्यंत मोजता आले तरी पुरे! शास्त्र तसूभरही पातळ झाले नाही. फक्त शिकणाऱ्या बाईच्या हाताला येईल अशा रूपात ते आले.

जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात एखाद्या उपकेंद्रावर रात्री एकटी असणाऱ्या परिचारिकेला हेच हवे असते. उपकेंद्र पाच हजार वस्तीमागे एक, असा मैदानी भागाचा सरकारी दंडक आहे. म्हणजे तेवढ्या माणसांचा भार कितीदा तिच्या एकटीवर येत असेल! तिच्या मोबाइलवर मैत्रिणीने धाडलेले एक पान ऐन वेळी उपयोगी पडू शकते. मात्र ते मराठीत असावे, जाणत्याने तपासलेले असावे आणि कोणत्या साली लिहिले तेही त्यावर असावे. चुकीची माहितीही त्याच वाटेने, तितक्याच वेगाने धावते!

दिवाळीत आपण एका पणतीवर दुसरी लावतो आणि पहिलीचे काहीच उणे होत नाही. फराळाचे ताट शेजारी देताना यंदा गावच्या परिचारिकेचेही दार ठोठवावे. आणि ताट देऊन झाले की तिला आपुलकीने विचारावे, बाई, तुमच्याकडे नवे काय शिकायला आले? कोणी विचारते आहे हे कळले, तर पाठवणाऱ्यालाही पाठवावेसे वाटेल.