भरवशाची गाडी आणि मामांची फियाट

परवा पुण्याहून नातवाचा फोन आला. त्याला गाडी घ्यायची आहे. नोकरीला चार वर्षं झाली, पैसे साठलेत. त्याचं मन बसलंय एका वापरलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसवर, २०१८ सालची. त्याच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या मुलाचं, म्हणणं असं की तेवढ्याच पैशात नवी होंडा सिटी येते, ती घे आणि दहा वर्षं बिनघोर राहा. दोघांत आठ दिवस अबोला. "आबा, तुम्हीच सांगा," असं म्हणून त्याने चेंडू माझ्या अंगणात टाकला.

आता मी काय सांगणार? जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलं, सायकल आणि स्कूटरच्या पुढे गेलो नाही. पण हा वाद ऐकला आणि वाटलं, अरे, हा तर जुनाच वाद. आमच्या देगलूरच्या मोटारस्टँडवर पन्नास वर्षांपूर्वी तो रोज रंगायचा. तेव्हा नावं वेगळी होती, फियाट आणि अँबॅसेडर.

आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण स्वातंत्र्यानंतर पस्तीस वर्षं आपल्याकडे मोटार घ्यायची तर जवळजवळ ह्या दोनांतूनच निवडायची. तिसरी होती मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड, पण ती आमच्याकडे क्वचितच दिसे. फियाट मात्र महाराष्ट्राची लेक. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा केला. १९५४ पासून तिथे फियाट ११०० बनू लागली. १९६४ साली नवं मॉडेल आलं, १९७२ साली त्याला प्रेसिडेंट नाव मिळालं आणि १९७४ साली चितोडच्या राणीवरून पद्मिनी. कोणी काही म्हणो, लोक मरेपर्यंत तिला फियाटच म्हणाले.

अँबॅसेडर कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची. इंग्रजांच्या मॉरिस ऑक्सफर्डचा अवतार. १९५७-५८ च्या सुमारास सुरू झाली ती थेट मे २०१४ मध्ये थांबली.

दोन्ही गाड्यांचा स्वभाव मुळातच निराळा. फियाट वजनाला सुमारे नऊशे किलो, अँबॅसेडर अकराशेच्या पुढे. फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, अँबॅसेडरचं १४८९ चं. कागदावर बघाल तर अँबॅसेडर दांडगी. पण फियाट अंगाने हलकी, इंजिन फिरायला उत्सुक, वळणावर आज्ञाधारक. इटलीत ह्याच ११०० ची एक 'तुरिस्मो वेलोचे' नावाची जलद आवृत्ती १९५३ साली निघाली होती. आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, तिथे फियाट पळायच्या. थोडक्यात, तिच्या रक्तात थोडा खोडकरपणा होताच.

अँबॅसेडरची गोष्ट वेगळी. पुढे टॉर्शन बार, मागे पाटे, पंधरा इंची चाकं. खड्ड्यात गेली तरी बाहेर यायची. इंजिन साधं, कोणताही मिस्त्री पान्याने उघडून नीट करी. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत. स्टीअरिंग जड, ब्रेक लावायला आधी मनाची तयारी करावी लागे. पण चार मागे, तीन पुढे, डिकीत दोन पोती आणि टपावर एक सायकल घेऊन ती निमूट जाई. आमच्या काळ्या मातीच्या मुलखात, पावसाळ्यात, हे फार मोठं होतं.

खरं तर ह्या मुलखाला भरवशाचा हिशेब जुनाच. निजामाच्या राज्यात १९३२ साली सरकारी बस सुरू झाली, २७ गाड्या आणि १६६ नोकर एवढ्यावर. त्या बस स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या, आणि सूर्योदयासारखी खात्रीची, असं ती कंपनी स्वतःच्या गाड्यांविषयी सांगे. सरकारी कामाला शोभेलसंच. असो, हे विषयांतर झालं.

माझे मामा ह्या स्टँडवर टॅक्सी चालवत. अर्थात अँबॅसेडर. त्यांना विचारलं, मामा, दोन्हींत चांगली कोणती, तर उत्तर ठरलेलं. "पोटाला ही. हाताला फियाट." कधी कोणा डॉक्टरची फियाट नांदेडला पोचवायचं काम निघालं की मामा आनंदाने जात, मजुरीही कमी घेत. परत आले की दोन दिवस तिच्या गिअरचं कौतुक. तो गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला असे, आणि मामांच्या मते तो नुसत्या बोटांनी टाकायचा असतो.

१९७९ च्या पावसाळ्यातली रात्र. माझ्या पत्नीला अवघड दिवस गेले होते, रात्री अकराच्या सुमारास डॉक्टरांनी सांगितलं, इथे नको, नांदेडला हलवा. देगलूर ते नांदेड ऐंशी किलोमीटर, नरसी-नायगाववरून. त्या वेळचा रस्ता म्हणजे मध्ये डांबराची एकेरी पट्टी. मामा त्या रात्री भाडं घेऊन उदगीरला गेलेले. शेजारच्या गल्लीत एका व्यापाऱ्यांकडे एक देखणी, वेगवान मोटार होती. कोणती ते सांगत नाही, दोष त्या गाडीचा की निगेचा, मला आजही ठाऊक नाही. ते बिचारे लगेच उठले. पण गाडी सुरू होईना. डिस्ट्रिब्यूटरमध्ये ओल गेली होती म्हणे. अर्धा तास हँडल मारलं, ढकललं. पत्नी ओसरीवर खाटेवर कण्हत होती आणि मी पावसात उभा. तेवढ्यात मामांच्या अँबॅसेडरचे दिवे गल्लीत वळले. त्यांना स्टँडवर कोणीतरी सांगितलं होतं. उदगीरहून आलेली तीच गाडी, तीच तापलेली, पाणी घातलं आणि निघालो. पहाटे मुलगा झाला. तोच हा, नव्या होंडा सिटीचा आग्रह धरणारा.

त्या रात्रीनंतर माझं मत कायमचं बनलं. गाडी म्हणजे जी निघते आणि पोचते ती. बाकी सगळे शौक.

म्हणून १९९१ साली मामांनी टॅक्सी विकली आणि साठाव्या वर्षी एक जुनी फियाट घ्यायचं मनात आणलं, तेव्हा मी त्यांना फटकारलं. त्यांना तीन हजार कमी पडत होते. माझ्याकडे होते. मी दिले नाहीत. वर सांगितलं, मामा, ह्या वयात हा खेळ कशाला, अँबॅसेडर होती तीच ठेवायची होती. ते काही बोलले नाहीत. पैसे दुसरीकडून उभे केले.

लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी १२,००० ची फियाट घ्यायला बँकेकडून ५,००० कर्ज काढलं, आणि त्यांच्या पश्चात पत्नीने ते फेडलं, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगत असे. घरच्या माणसाच्या वेळी मात्र ती मला आठवली नाही.

मामा त्या फियाटने कुठेच गेले नाहीत. संध्याकाळी होट्टलपर्यंत जायचे, सिद्धेश्वराच्या देवळासमोर गाडी उभी करायची, चालुक्यांच्या त्या कोरीव दगडांकडे पाठ करून बॉनेट पुसायचं आणि परत. गाडी महिन्यातून एकदा तरी बिघडे. मामा बनियनवर तिच्याखाली. एकदा मला घेऊन गेले. वळणावर गिअर बदलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, "बघ, कळतंय का?" मला काही कळलं नाही, मी मान हलवली. १९९७ साली मामा गेले. फियाट भंगारात गेली. कुर्ल्याचा कारखानाही पुढे तीन-चार वर्षांतच थंडावला, आणि मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

मग नातवाच्या ऑक्टाव्हियाकडे वळलो. मजा म्हणजे ही आपल्या मराठवाड्याची. औरंगाबादजवळ, आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया जुळवली जाऊ लागली. २००४ साली तिची आरएस आली, १.८ लिटर टर्बो, १५० अश्वशक्तीची. तेव्हा घरच्या चार दारांच्या गाडीत एवढी ताकद आपल्याकडे नवलाची होती. त्याआधी नुसती अंगकाठीच यायची. १९८४ ची काँटेसा दिसायला पैलवान, पण सुरुवातीला पोटात अँबॅसेडरचंच इंजिन. १९८५ ची स्टँडर्ड २००० तशीच, अंग रोव्हरचं आणि इंजिन जुनाट. तीन वर्षांत आटोपली.

२०१७ च्या आरएसला २३० अश्वशक्ती. पण ताकद फुकट येत नाही. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, त्याचं जगणं तेलाच्या एका पातळ थरावर. तेलात कंजूषी केली की संपलं. तिचा दोन क्लचचा गिअरबॉक्सही तेलात बुडालेला, साठ हजार किलोमीटरला ते तेल बदलावंच लागतं. मागच्या मालकाने बदललं का, हा खरा प्रश्न. होंडाने २००० साली सिटीत १०६ अश्वशक्तीचं व्हीटेक इंजिन घालून दाखवून दिलं होतं की थोडी मजा आणि पुष्कळ भरवसा एकत्र नांदू शकतात. म्हणजे माझ्या मुलाचं म्हणणंही अडाणीपणाचं नाही.

नातवाला मी एवढंच विचारलं, तुझ्या घरात रात्री-अपरात्री निघावं लागेल असं कोणी आहे का? म्हणाला, नाही आबा, मी एकटाच, आणि पुण्यात बोलावली की टॅक्सी दारात येते. मग म्हटलं, सर्व्हिसची सगळी पुस्तकं बघ, ओळखीचा मिस्त्री घेऊन जा, आणि दुरुस्तीसाठी वर्षाची रक्कम आधीच बाजूला काढ. ती थोडी कमी पडत असेल तर मला सांग.

मुलगा दुसऱ्या दिवशी फोनवर चिडला. "बाबा, तुम्ही? तुम्ही असं सांगितलंत?" त्याला तीन हजारांची गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. बराच वेळ तो गप्प होता, मग म्हणाला, गाडी बघायला मीही जातो त्याच्याबरोबर.