मुकुटानंतरचा आणा

१५ ऑगस्ट १९४७ रोजी सत्तांतर झाले, तरी सहाव्या जॉर्ज राजाचे मुकुटधारी मुख असलेली नाणी १९५० पर्यंत तशीच चालत राहिली. या संक्रमणकाळातील नाण्यांना ‘गोठवलेली मालिका’ म्हणतात. प्रजासत्ताकाची पहिली नाणी, म्हणजेच आणेमालिका, १५ ऑगस्ट १९५० रोजी दिल्लीच्या सरकारने चलनात आणली, तेव्हा अर्थखाते चिंतामणराव देशमुख यांच्याकडे येऊन जेमतेम अडीच महिने झाले होते.

राजाच्या जागी कोणाला बसवावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. नोटांसाठी आधी महात्मा गांधींच्या चित्राचा विचार होऊन तसे आराखडेही तयार झाले होते, परंतु अखेर कौल मिळाला तो सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंहशीर्षाला, आणि नाण्यांवरही तेच आले. एका माणसाचे मुख पुसून दुसऱ्याचे कोरले असते, तर नाण्याची राजेशाही ठेवण कायमच राहिली असती.

सिंहशीर्ष म्हणजे स्तंभाच्या माथ्यावरील शिल्प. त्यातील सिंहांच्या पायाखालच्या गोल पट्टीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह चक्रांच्या मधोमध कोरलेले आहेत. त्या पट्टीशी नाते सांगणारा घोडा पैशावर आणि वशिंडाचा बैल अर्धा आणा, आणा व चवली यांवर उमटला, तर पावली, अधेली आणि रुपया यांवर गव्हाच्या ओंब्या आल्या. ओंब्यांनी हटवलेला वाघ काही पुरातन नव्हता. तो १९४६-४७ च्या निकेलच्या नाण्यांवर नुकताच अवतरला होता.

रूप पालटले, पण हिशेब जुनाच राहिला. रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे कायम होते, चौकोनी चवली आणि नागमोडी कडेचा आणा अंधारातही बोटांना पूर्वीसारखेच कळत होते, मुंबईच्या टांकसाळीची चौकटीच्या आकाराची खूण सालाखाली उमटत होती, आणि सिंहांभोवती ‘गव्हर्नमेंट ऑफ इंडिया’ ही अक्षरे इंग्रजीतच होती. दशमान पद्धतीचा कायदा १९५५ साली देशमुखांच्याच कारकिर्दीत झाला, तो १ एप्रिल १९५७ पासून अमलात आला आणि मग आणा गेला.

माणसाचे मुख मात्र फार काळ दूर राहिले नाही: १९६४ साली पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघालेल्या स्मारक नाण्यांवर त्यांची मुखाकृती कोरण्यात आली, गांधीजींची त्यानंतर, १९६९ च्या जन्मशताब्दीला.