स्टर्नड्राइव्ह कपलर : झीज व दुरुस्ती

स्टर्नड्राइव्ह बोटीत इंजिन आत, तर गिअर व पंख्याचा ड्राइव्ह मागच्या फळीबाहेर असतो. ही रचना १९५९ मध्ये व्होल्वो पेंटाच्या ‘अ‍ॅक्वामॅटिक’मुळे रुळली. मर्क्रुझर इंजिनाच्या जुन्या बोटींत फ्लायव्हीलला बोल्टने आवळलेला कपलर ड्राइव्हच्या शाफ्टला गती देतो. त्याच्या मधल्या धातूच्या हबला आतून खाचा, भोवती धक्के शोषणारे रबर असते.

कपलर गेला की इंजिनाचे फेरे चढतात, पण बोट जागची हलत नाही; कधी जळक्या रबराचा वास येतो. पंख्याचा रबरी हब घसरला तरी असेच होते. म्हणून कमी खर्चाचा पंखा आधी तपासावा, मगच इंजिनाला हात घालावा.

पंखा ठीक निघाला, तर ड्राइव्ह उतरवून शाफ्टचे दाते पाहतात. ते झिजून धारदार झाले असतील, तर नव्या कपलरसोबत शाफ्टही नवा हवा. जुना शाफ्ट नव्या खाचा लवकरच खातो. कपलर काढायला बहुधा इंजिन उचलून पुढे सरकवावे लागते, तेव्हा ड्राइव्हचा शाफ्ट पेलणारे गिंबल बेअरिंगही पाहून घेतात. खरे कौशल्य पुढेच : इंजिन सरळ रेषेत बसवणे. गिंबल बेअरिंगमधून घातलेला अलाइनमेंट बार कपलरमध्ये हाताने, जोर न लावता सरकला पाहिजे. अडला तर पुढचे माउंट वर-खाली करतात. ही पायरी टाळली किंवा दात्यांना ग्रीस दिले नाही, तर नवा कपलरही टिकत नाही.