एकवीस अर्धे तास

डिसेंबर 1761. ग्लासगो विद्यापीठाच्या एका मोठ्या दालनात तुम्ही उभे आहात. हवा 47 अंश फॅरेनहाइट, म्हणजे जेमतेम 8 अंश सेल्सिअस. अंगात हुडहुडी भरली आहे. समोर पातळ काचेचे दोन सारखे चंबू टांगलेले, प्रत्येकात पाच औंस पाणी. एकातलं गोठलेलं, दुसऱ्यातलं गोठणबिंदूच्या किंचित वर, 33 अंशांवर.

प्राध्यापक जोसेफ ब्लॅक वाट पाहताहेत. जवळ जा, पण काचेला हात लावू नका. तुमच्या तळव्याची ऊब सगळा हिशेब बिघडवेल.

अर्ध्या तासात पाणी 40 अंशांवर पोहोचतं. बर्फ मात्र बर्फच.

या काळचे जाणकार मानतात की वितळायच्या बेताला आलेल्या बर्फाला आणखी जराशी उष्णता पुरते. ब्लॅकना ते पटत नाही. तसं असतं, तर थंडी सरताच डोंगरावरचं सारं बर्फ एकदम वितळलं असतं आणि पुरात गावंच्या गावं वाहून गेली असती. निसर्गाकडे इतक्या डोळसपणे पाहणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

आता बर्फाच्या चंबूखाली, न टेकवता, हात धरा. गार हवेची धार खाली उतरतेय ना? हवा आपली उष्णता बर्फाला देऊन थंड होतेय. म्हणजे उष्णता आत शिरते आहे, अखंड. तरीही वितळता बर्फ 32 अंशांवरच थांबलेला.

दिवस सरतो. साडेदहा तासांनी सगळं वितळून ते पाणीही 40 अंशांवर येतं. एकवीस अर्धे तास, शेजारच्या पाण्याइतकीच दर अर्ध्या तासाला सात अंशांची उष्णता: 147. त्यातले 32 पासून 40 पर्यंतचे आठच तापमापीत दिसले. उरलेले 139 कुठे गेले?

तुम्हाला शाळेत शिकलेलं आठवतं: ती उष्णता रेणूंची घट्ट बांधणी सोडवण्यात खर्ची पडली. हाच अप्रकट उष्मा. ब्लॅकपाशी रेणूंचं हे चित्र नाही. आहेत ते दोन चंबू, तापमापी आणि घड्याळ. आजचा आकडा ग्रॅममागे 80 कॅलरी, त्यांच्या मापात 144 अंश. ते फक्त पाच अंशांनी कमी पडले.