ब्रह्मदेश आणि सयाम : एक धर्म, दोन दप्तरें

ब्रह्मदेश व सयाम हीं दोन राष्ट्रें एकमेकांस लागून आहेत. दोहोंचा धर्म एकच, थेरवादी बौद्ध. धर्मभाषा एकच, पाली. आणि दोहोंच्या राजसभांत अभिषेकादि कर्मांसाठीं ब्राह्मण असत. असें असतां या दोन राज्यांची गति भिन्न कां झाली, याचा निर्णय बहुधा राजांच्या स्वभावावरून करण्यांत येतो : सयामचे राजे धोरणी म्हणून तरले, ब्रह्मी राजे हट्टी म्हणून बुडाले. हें मत आम्हांस साधार वाटत नाहीं. उभय देशांच्या पोथ्या, स्मृति व बखरी पाहिल्या असतां भेद कोठें आहे व कोठें नाहीं, हें अधिक स्वच्छ दिसतें. (सयामचें नांव १९३९ त प्रथम थायलंड झालें, व ब्रह्मदेशाचें १९८९ त म्यानमार, येथें जुनींच नांवें ठेविलीं आहेत.)

प्रथम लिपि. ब्रह्मदेशांत पाली ग्रंथ व देशभाषेंतील लेख दोन्ही एकाच वाटोळ्या ब्रह्मी लिपींत लिहीत. सयामांत देशभाषेस सयामी लिपि, पण ताडपत्रावरील पाली ग्रंथांस ख्मेर वळणाची 'खोम' लिपि वापरीत. आपल्याकडे दप्तर मोडींत व पोथी बाळबोधींत असे, त्यांतलाच हा प्रकार. यास्तव खोम लिपींतील पोथी दिसतांच ती कंबोजांतील असें अनुमान करणें धोक्याचें आहे. त्रिपिटक चिरस्थायी करण्याची इच्छा दोन्हीकडच्या राजांस झाली, पण मार्ग निराळे. मिंडोन राजानें मंडाले येथें १८६० ते १८६८ या अवधींत तें ७२९ संगमरवरी शिलांवर कोरविलें. चुलालंकर्ण राजाच्या आज्ञेनें बांकॉक येथें १८९३ त तें सयामी लिपींत ३९ भागांत छापून निघालें, व त्याच्या प्रती परदेशच्या ग्रंथालयांस भेट गेल्या.

दुसरी गोष्ट कालगणनेची. चूलशक दोन्ही देशांत चाले. त्यांत ६३८ मिळविले असतां सामान्यतः इसवी सन निघतो. परंतु बुद्धनिर्वाणशकांत एका वर्षाचें अंतर आहे. २५०० वें वर्ष ब्रह्मदेशांत व सिंहलांत १९५६ त, तर सयामांत १९५७ त साजरें झालें. एकीकडे चालू वर्ष मोजतात, दुसरीकडे गत. आपल्या ताम्रपटांतील शककालाविषयीं हाच घोळ संशोधकांस नित्य सोडवावा लागतो. शिवाय सयामांत १८८९ पासून वर्षारंभ १ एप्रिलास होई, तो १९४१ पासून १ जानेवारीस आला. म्हणून त्या मधल्या काळांतील जानेवारी ते मार्च या महिन्यांचे लेख असतील, तर निर्वाणवर्षांतून ५४३ नव्हे, ५४२ वजा केले पाहिजेत.

तिसरी गोष्ट स्मृतींची. 'धम्मसत्थ' म्हणजे धर्मशास्त्र. मनूच्या नांवाशीं जोडलेले असे ग्रंथ दोन्ही देशांत आहेत, पण ते आपल्या मनुस्मृतीचीं भाषांतरें नव्हत. ब्रह्मदेशांत असे ग्रंथ अनेक चालत. किनवुन मिंजी या प्रधानानें पुढें ३६ धम्मसत्थांतील वचनें एकत्र केलीं. सयामांत १८०४ त एका व्यभिचारिणी स्त्रीस, पतीचा दोष नसतां, ग्रंथाधारें काडीमोड मिळाली. तेव्हां पहिल्या राम राजानें सर्व कायदे तपासविले. आणि १८०५ त सिद्ध झालेल्या संहितेच्या ज्या प्रतीवर राजसिंह, गजसिंह व कमळ या तीन मुद्रा नसतील, ती न्यायसभेंत अग्राह्य ठरविली. एकीकडे परंपरेचें प्रामाण्य, दुसरीकडे राजमुद्रेचें. खरा भेद आम्हांस येथें दिसतो. जेथें मुद्रा प्रमाण, तेथें नवी मुद्रा करून नवा कायदा आणणें सोपें जातें. सयामनें १९०८ त युरोपीय धर्तीची दंडसंहिता स्वतःच्या सत्तेनें केली. ब्रह्मदेशांत मात्र धम्मसत्थांचा अर्थ इंग्रजी न्यायाधीश करूं लागले.

आतां राज्य तरण्या-बुडण्याचा प्रश्न. मिंडोननें १८७२ त याच किनवुन मिंजीस विलायतेस वकील म्हणून पाठविलें होतें. तेव्हां ब्रह्मी दरबार जगाविषयीं सर्वथा अंध होता असें म्हणतां येत नाहीं. पण त्याची सीमा इंग्रजांच्या हिंदुस्थानास भिडलेली होती, व १८२४-२६, १८५२ आणि १८८५ अशा तीन युद्धांत तें राज्य संपलें. सयामच्या एका बाजूस इंग्रज व दुसऱ्या बाजूस फ्रेंच. १८९६ त त्या दोघांनीं मेनाम नदीचें खोरें मोकळें ठेवण्याचा करार केला. तरी सयामनेंही किंमत दिली : १८५५ च्या तहानें व्यापार खुला केला, १८९३ त मेकाँगचा डावा तीर फ्रेंचांस व १९०९ त केदा, केलांतान इत्यादि मुलूख इंग्रजांस सोडला. स्वभावापेक्षां भूगोल येथें बलवत्तर ठरला.

शेवटीं ग्रंथांची दशा. १७६७ त ब्रह्मी सैन्यानें अयुथ्या नगर उध्वस्त केलें, व त्यांत सयामचे असंख्य लेख नष्ट झाले. पण तेथून नेलेल्या बंदिजनांनीं सांगितलेली जुन्या राजधानीची हकीकत ब्रह्मदेशांत लिहून राहिली. पुढें तिची प्रत बांकॉकच्या वज्रज्ञान ग्रंथालयानें मिळविली, व तिचें सयामी भाषांतर झालें. ज्या शत्रूनें दप्तर जाळलें, त्याच्याच दप्तरांत त्याचा अंश सांपडला. १८८५ त मंडालेच्या राजवाड्यांतील ग्रंथसंग्रहाचीही वाताहत झाली, व त्यांतील कांहीं पोथ्या लंडनास गेल्या. त्या वाड्याचा धनी थिबा राजा आमच्या रत्नागिरीस बंदिवासांत राहून तेथेंच १९१६ त निवर्तला.

तात्पर्य, एका देशाची बखर त्या देशापुरती वाचून भागत नाहीं. सयामी लेखकांच्या दृष्टीनें १७६७ हें प्रलयाचें वर्ष. ब्रह्मी बखरकारांच्या दृष्टीनें तो अनेक विजयांपैकीं एक विजय. दोन्ही पुढें ठेवल्याविना निर्णय करूं नये. आणि संग्राहकांनीं अशी एखादी पोथी हातीं येतांच तिची लिपि, वर्षाचा शक व मिळाल्याचें ठिकाण प्रथम टिपून ठेवावें, अशी आमची विनंती आहे. कारण दोन शेजाऱ्यांचा भेद पुष्कळदां एवढ्या तीन खुणांवरच ओळखावा लागतो.