कंटेनर क्लस्टरांचे केंद्रीय व्यवस्थापन

एकाच संस्थेचे अनेक कंटेनर क्लस्टर एका ठिकाणाहून उभारण्याची, अद्ययावत ठेवण्याची, त्यांचे प्रवेशाधिकार व सुरक्षानियम ठरवण्याची आणि त्यांवर देखरेख करण्याची व्यवस्था. प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या फायली यांचे एकत्र बांधलेले गाठोडे म्हणजे कंटेनर. अशी गाठोडी वाटून घेऊन चालवणारा संगणकांचा समूह म्हणजे क्लस्टर. व्यवहारात हा विषय बहुतांशी ‘कुबरनेटिस’ या मुक्त-स्रोत प्रणालीपुरता आहे. ‘बोर्ग’ या आपल्या अंतर्गत प्रणालीच्या अनुभवावरून गूगलने ती घडवली आणि जून २०१४ मध्ये खुली केली. तिची १.० आवृत्ती २१ जुलै २०१५ रोजी निघाली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा, कोकण किनाऱ्यावरच्या भाषेत तांडेल. एका होडीला एक तांडेल पुरतो. येथे प्रश्न ताफ्याचा आहे.

एकच मोठा क्लस्टर का नको? कुबरनेटिसची घोषित मर्यादा ५,००० संगणकांची आहे आणि फार थोड्या संस्था तिथवर पोहोचतात. क्लस्टर वाढतात ते वेगळ्याच कारणांनी. चाचणीतली चूक ग्राहकांपर्यंत जाऊ नये म्हणून एक वेगळा, एका विभागाला दुसऱ्याचा शेजार नको म्हणून आणखी एक, आणि एक कायद्यासाठी. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवणे बंधनकारक केले. त्यामुळे परदेशी कंपनीलाही या कामासाठी येथे वेगळी मांडणी करावी लागते. मर्सिडीज-बेन्झकडे २०२२ च्या सुमारास ९०० च्या वर क्लस्टर होते. ‘चिक-फिल-ए’ ही अमेरिकी खाद्यगृहांची साखळी तर प्रत्येक खाद्यगृहात छोट्या संगणकांचा एकेक क्लस्टर चालवते.

संख्या वाढली की खरी अडचण येते ती विसंगतीची. सातबाऱ्यावर एक आणि बांधावर दुसरेच, अशी स्थिती होते. कुबरनेटिसच्या वर्षाला तीन आवृत्त्या निघतात आणि प्रत्येकीला साधारण १४ महिने आधार मिळतो, म्हणजे थांबून राहण्याची सोय नाही. १४ मार्च २०२३ रोजी रेडिटने आपला एक क्लस्टर १.२३ वरून १.२४ वर नेला आणि संकेतस्थळ ३१४ मिनिटे बंद पडले. नव्या आवृत्तीत नियंत्रक संगणकांवरची ‘मास्टर’ ही खूणचिठ्ठी काढून टाकली होती; तिची जागा ‘कंट्रोल प्लेन’ या चिठ्ठीने घेतली होती. रेडिटच्या नेटवर्कमधली, काही वर्षांपूर्वी करून ठेवलेली एक मांडणी नेमकी त्या जुन्या चिठ्ठीवरून आपले संगणक ओळखत होती. चिठ्ठी गेली, संगणक सापडेनात, मार्ग तुटले. मागे फिरण्याची अधिकृत वाट नसल्याने अखेर राखीव प्रतीवरून क्लस्टर पूर्ववत करावा लागला. बदलाची सूचना आधीपासून जाहीर होती. जुनी मांडणी कशावर टेकून उभी आहे, याची आठवण मात्र कोणाला नव्हती.

अशी मांडणी लिखित ठेवणे हे केंद्रीय व्यवस्थेचे मुख्य काम. ‘गिटऑप्स’ ही संज्ञा २०१७ मध्ये वीव्हवर्क्स या कंपनीने रूढ केली. तिच्यानुसार क्लस्टर कसा असावा याचे वर्णन गिट या नोंदसंग्रहात राहते. क्लस्टरमधला प्रोग्रॅम ते सतत वाचतो आणि फरक दिसताच तो दुरुस्त करतो. आर्गो सीडी व फ्लक्स ही त्याची प्रचलित साधने. देखरेखीसाठी रँचर, रेड हॅटची अ‍ॅडव्हान्स्ड क्लस्टर मॅनेजमेंट, मायक्रोसॉफ्टचे अ‍ॅझ्युर आर्क यांसारखी उत्पादने आहेत. रँचर म्हणजे गुरांच्या कळपाचा मालक. सर्व्हरचे पाळीव प्राण्यासारखे लाड करू नयेत, त्यांना कळपातल्या गुरांसारखे वागवावे, या धंद्यातल्या म्हणण्याशी ते नाव जुळते. (बैलांना सर्जा-राजा म्हणणाऱ्या मुलखात हे रूपक कितपत रुजेल, ही शंकाच आहे.)

यांतल्या अनेकांची रचना सारखी आहे. मध्यभागी एक केंद्र आणि प्रत्येक क्लस्टरमध्ये त्याचा एक प्रतिनिधी-प्रोग्रॅम असतो. केंद्राशी संपर्क प्रतिनिधीच आतून बाहेर साधतो, त्यामुळे क्लस्टरच्या संरक्षक भिंतीत बाहेरून येणारे दार उघडावे लागत नाही. एकच काम अनेक क्लस्टरांवर आपोआप वाटून देण्याचा ‘कुबफेड’ हा अधिक महत्त्वाकांक्षी प्रयत्न मात्र टिकला नाही; २०२३ मध्ये तो संग्रहात टाकण्यात आला. ‘कर्माडा’ हा प्रकल्प आज तेच काम करू पाहतो आहे.

सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात ठेवल्या की जुडगा चोरीला जाण्याची भीतीही वाढते. क्लस्टरांच्या किल्ल्या व संकेतशब्द साध्या मजकुरात साठवले जात असल्याची गंभीर त्रुटी २०२२ मध्ये रँचरमध्ये उघड झाली आणि तातडीच्या दुरुस्त आवृत्त्या काढाव्या लागल्या. म्हणून केंद्राकडे पूर्ण अधिकार देण्याऐवजी कामापुरतेच द्यावेत, हे बरे. केंद्र बंद पडले तरी आधीपासून चालणारे कंटेनर चालूच राहिले पाहिजेत. अडावेत ते फक्त केंद्रातून व्हायचे बदल. उत्पादन विकत घेण्यापूर्वी चाचणीच्या क्लस्टरांवर केंद्र मुद्दाम तासभर बंद ठेवून पाहावे.