निकाराग्वातील साक्षरता मोहीम आणि परदेशी शिक्षक

स्पॅनिश वाचन-लेखन शिकवण्यासाठी स्वयंसेवकांनी परदेशी जाण्याचे एक मोठे उदाहरण १९८० साली निकाराग्वात घडले. त्याचा पाया क्यूबात घातला गेला होता. १९६१ मध्ये तेथील सुमारे एक लाख विद्यार्थी खेड्यापाड्यांत जाऊन राहिले. दिवसा शेतकऱ्यांबरोबर राबायचे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांना शिकवायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. वर्षअखेर सात लाखांहून अधिक लोक साक्षर झाल्याचे सरकारने जाहीर केले.

निकाराग्वात जुलै १९७९ मध्ये सोमोसा घराण्याची राजवट कोसळली आणि सांदिनिस्ता सत्तेवर आले. तेव्हा दहा वर्षांवरील सुमारे निम्मे लोक निरक्षर होते. नव्या सरकारने साक्षरता मोहिमेची सूत्रे फेर्नांदो कार्देनाल या जेझुइट धर्मगुरूंकडे सोपवली. २३ मार्च १९८० रोजी मोहीम सुरू झाली. सुमारे साठ हजार तरुण ग्रामीण भागात गेले आणि शेतकऱ्यांच्या घरीच राहिले.

अध्यापनावर ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांच्या विचारांचा प्रभाव होता. आधी एखाद्या छायाचित्रावर गप्पा होत, त्यातून एक वाक्य आणि वाक्यातून एक शब्द निवडला जाई. मग त्या शब्दातील अक्षरे सुटी करून मा, मे, मि, मो, मु अशी बाराखडीसारखी मालिका म्हणून घेतली जाई. स्पॅनिशमध्ये उच्चार आणि लेखन यांचे नाते बरेच नियमित असल्याने या मालिकांतून नवे शब्द जुळवणे सोपे जाई. पाठांचे विषय मात्र उघडपणे राजकीय होते, त्यामुळे मोहिमेवर प्रचाराचा आरोपही झाला.

क्यूबातून सुमारे १,२०० शिक्षक आले होते. दुर्गम भागातील प्राथमिक शाळांत मुलांना शिकवणे हे त्यांचे प्रमुख काम होते. स्पेन, कोस्टा रिका आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातूनही छोटी पथके आली. समान भाषेमुळे दुभाष्याची गरज नव्हती, पण काम सुरक्षित नव्हते. १९८१ मध्ये सशस्त्र विरोधकांनी काही क्यूबन शिक्षकांची हत्या केली.

२३ ऑगस्ट १९८० रोजी मोहीम संपली, तेव्हा निरक्षरता सुमारे १३ टक्क्यांवर आल्याचे सरकारने सांगितले. त्या वर्षी युनेस्कोने मोहिमेला नादेझ्दा क्रुप्स्काया पुरस्कार दिला. मात्र अटलांटिक किनाऱ्यावरील अनेकांची मातृभाषा स्पॅनिश नव्हती. त्यांच्यासाठी त्याच वर्षी मिस्किटो, सुमो आणि इंग्रजीतून वेगळे वर्ग घ्यावे लागले. पुढे काँत्रा बंडखोरांशी चाललेल्या युद्धात ग्रामीण शाळांचे मोठे नुकसान झाले आणि नवसाक्षरांचा सरावही मागे पडला.

पुढच्या काळात परदेशी मदतीचे स्वरूप बदलले. लिओनेला रेलीस यांनी क्यूबात विकसित केलेल्या ‘यो सी पुएदो’ पद्धतीत ध्वनिचित्रफितींवरचे पाठ असतात आणि वर्ग स्थानिक मार्गदर्शक चालवतो. व्हेनेझुएलाने २००३ मध्ये ती राष्ट्रीय मोहिमेत वापरली. परदेशी शिक्षकाने प्रत्येक वर्गात उभे राहण्याची गरज त्यामुळे उरली नाही.